चोवीसशे

सियागंजात, मुफद्दलभाईंच्या दुकानामागे, पत्र्याखाली
एक टॉर्क कन्व्हर्टर अर्धा कापून ठेवलाय,
गाडीवर कलिंगड ठेवतात तसा,
गिऱ्हाइकाला आतलं दिसावं म्हणून.
आत पातीच पाती. इकडची इंजिनाची, तिकडची गिअरबॉक्सची,
मधे एक लहान चक्र, एकाच दिशेनं फिरणारं, हट्टी.
"ही एकमेकांना लागतच नाहीत," मी म्हटलं.
"लागत नाहीत म्हणून तर चालतंय," ते म्हणाले
आणि हात पुसायला आत गेले.

माझी काँटेसा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
डावा गुडघा बॅडमिंटनमध्ये गेला
तेव्हा क्लचही गेला आयुष्यातून.
तिच्या पोटात टोयोटाचं इंजिन आलं, ऑटोमॅटिक पेटी आली,
आरटीओच्या चौदा फेऱ्या आल्या.
मग मागच्या दिवाळीत, निव्वळ हौस, कॅमशाफ्ट बदलला.
थोडासाच. चहात आलं किसावं इतपत.

तेव्हापासून ती पलासियाच्या सिग्नलला
उभी असते, पण उभी राहत नाही.
ब्रेकवर पाय, गिअर ड्राइव्हमध्ये, काटा साडेनऊशेवर,
आणि सगळं अंग पुढे ढकलणारं.
पुढच्या रिक्षाच्या पाठीवर तीन पोरांची नावं रंगवलेली,
सोनू, टिंकू, आणि तिसरं
थरथरीत मला कधी वाचता आलं नाही.
हिरवा पडला की आधी कण्हते.
बावीसशेच्या पुढे कुठे तिला आठवतं आपण कोण ते.

श्रीरंग म्हणतो, "मावशी, बत्तीसशेचा घे, विचार करू नकोस."
भाचा आहे, एकवीस वर्षांचा आहे,
पेट्रोल माझं आहे.

मुफद्दलभाईंनी एकच विचारलं,
"ताई, हफ्ते में पूरा एक्सीलेटर कितनी बार?"
मी आकडा ओठांवर आणला आणि गिळला.
"लिख के लाना," ते म्हणाले.

लिहिलं. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटच्या वहीत, मागच्या पानावर.
सोमवार: लोकमान्यनगर ते दवाखाना, अठराशे.
मंगळवार: तेच. गीता भवनला अकरा मिनिटं, हजारसुद्धा नाही.
बुधवारी गाडी काढलीच नाही.
गुरुवार: एकवीसशे, एका बुलेटवाल्यामुळे.
शुक्रवारवर चहा सांडलाय.
शनिवार रात्री, राऊच्या पुढे, एकटी: चार हजार आठशे.

ते बराच वेळ शनिवारकडे बघत राहिले.
"ही कोण?"
"मीच."
"आणि ही?" बोट सोमवारवर.
मी काही बोलले नाही.

मग त्यांनी हळू आवाजात समजावलं,
रुग्णाला मी दाढ काढण्याआधी समजावते तसं.
डब्यावर छापलेला आकडा डब्याचा नसतोच,
त्याच्यासमोर कुठलं इंजिन उभं आहे त्याचा असतो;
तोच कन्व्हर्टर दुसऱ्या गाडीत वेगळाच आकडा सांगेल.
आणि जे घसरतं ते कुठे जातं, ताई?
तेलात जातं. गरम होऊन जातं.
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत, गीता भवनला अकरा मिनिटं
बत्तीसशेवाली गाडी आपलंच तेल उकळत बसेल,
आणि पेटी जळल्याचा वास एकदा आला
की तो मॅटमधून जात नाही.

चोवीसशेचा घेतला. वर एक ऑइल कूलर, लोखंडी जाळीचा,
नंबरप्लेटच्या मागे, वारा लागेल असा.
श्रीरंग दोन दिवस फोनवर नीट बोलला नाही.

खरं सांगायचं तर शनिवारी थोडं कमी पडतं.
राऊच्या पुढे पाय खाली जातो
आणि त्या पहिल्या क्षणात जे फुटायला हवं होतं
ते नुसतंच सुरू होतं.
अजून सवय व्हायचीय. कदाचित होणारही नाही.

पण काल पलासियाला, ब्रेकवर पाय ठेवून,
ती इतकी शांत उभी होती
की काटा बघितला, बंद तर पडली नाही ना.
नव्हती. आरसा स्वच्छ, मागचा स्कूटरवाला स्वच्छ,
समोर रिक्षा.
दुसरीच निघाली. पाठीवर एकच नाव, अन्नू,
आणि खाली रंग संपल्यासारखं अर्धं फूल.