ओट्याची उंची

समोरच्या खोलीत कापूस आहे आड्यापर्यंत,
म्हणून टेप भिंतीला टेकत नाही.
कवडू मिस्तरी एका हाताने कापूस दाबतो,
दुसऱ्या हाताने टेपचं टोक आत खुपसतो
आणि खांद्यापर्यंत बुडून ओरडतो,
"लिवा, अकरा फूट... असन अंदाजे."
बाहेर येतो तेव्हा मिशीला सरकी.

मी लिहिते. अंदाजे अकरा.

नकाशा बियाणं कंपनीच्या कॅलेंडरमागे काढलाय.
मार्चच्या पाठीवर स्वयंपाकघर,
एप्रिलच्या पाठीवर न्हाणी,
मे कोरा ठेवलाय,
तोवर काय काय सुचेल कोणास ठाऊक.
महिना संपल्याशिवाय पान फाडायचं नाही,
आचलने बजावलंय:
तिच्या परीक्षेच्या तारखा पुढच्या बाजूला आहेत.

शालिक म्हणतो, "भाव चढू दे."
कवडू म्हणतो, "अखजीनंतर माह्या हातात तीन कामं हायेत."
मिरग दोघांचंही ऐकत नाही.
मी मधे बसून बोटं मोडते.
कवेलू उतरवायला दोन दिवस,
चांगले निवडून सांदवाडीत रचायला एक
(बेबीताईंनी गोठ्यासाठी दोनशे मागून ठेवलेत,
फुटके चालतील म्हणाल्या, डोळा मात्र सगळ्यांवर),
मीटर हलवायला लाइनमन, तो कधी येईल ते लाइनमनलाच माहीत,
रेती दीड ब्रास,
विटा हिंगणघाटकडच्या भट्टीवरच्या,
कवडूच्या साळ्याच्या नकोत.
त्या वाजवल्या तर खणखणत नाहीत, खोकतात.

आणि महिनाभर आम्ही कुठे?
बाज, गॅस, गंज, टीव्ही, आम्ही तिघं
चुलतदिराच्या गोठ्यात.
बैल विकल्यापासून तिथे
ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी राहते फक्त.

रात्री अंगाला कापसाची खाज सुटते.
तिघंही खाजवत पडून असतो.
अंधारात शालिक विचारतो,
"खिडकी किती फुटाची म्हनली होती तू?"
म्हणजे तोही जागाच असतो, मोजत.

मग एका दुपारी, चहाची बशी फुंकत, कवडूने विचारलं,
"वहिनी, ओटा किती उंच करू?"
मी म्हटलं, असतो तेवढा.
"असते तेवढा मंजे कोनाएवढा?"

दाराची चौकट सासऱ्यांच्या फेट्याच्या मापाने,
चूल सासूच्या मांडीच्या,
भिंतीतली फळी नणंदेच्या हाताची,
ती आमच्यात सगळ्यांत उंच, आणि ती तर केव्हाच सासरी गेली.
मी चौदा वर्षं पिंपावर चढून साखर काढते.
"उद्या सांगते," म्हणाले.
कवडूने बशी उपडी ठेवली, "निवांत सांगा."

भाव चढला नाही, उंदीर चढले.
मंगळवारी पहाटे मॅटाडोर लागली,
दुपारपर्यंत खोली रिकामी.
बोललं की आवाज परत यायला लागला.
टेप भिंतीला टेकला: दहा फूट चार इंच,
आणि एक भिंत दुसरीपासून वीतभर सरकलेली.
इतकी वर्षं आम्ही तिरक्या खोलीत सरळ झोपत होतो.
मार्चचं सगळं पान चुकलं.
आचलने खोडरबर दिला, आणि परत मागितला.

त्या रात्री नमुन्याच्या विटा मी आत आणल्या,
दोन ढीग रचले, वर फळी टाकली,
फळीवर परात, परातीत कणीक.
उभी राहून मळलं. खांदे वर आले.
दोन्हीकडून एकेक वीट काढली. मळलं.
आता मनगट सरळ, पाठ सरळ,
कोपर जिथे यावं तिथे.
कोळशाने भिंतीवर रेघ ओढली.

शालिक दारात उभा होता, कधीपासून कोण जाणे.
हात न धुताच आला, परातीत बोटं घालून पाहिली.
"मले तं वाकाच लागते."
"मंग वाक."
तो हसला. थोडं मळलंही त्याने, वाकून, वाईट.

तो झोपल्यावर मी दोन्हीकडे अर्धी अर्धी वीट वाढवली.
थोडा वेळ उभी राहिले.
मग काढून टाकली.