वर जायला वीस तेत्री

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट नाणी खाते.
वर जायला वीस तेत्री,
खाली यायला फुकट.
एलेने घरी आली त्या आठवड्यापर्यंत
मला हा हिशेब कधी खटकला नव्हता.

आता रात्री दोन वाजता
नवव्या मजल्यावर मी खिसा चाचपत उभा,
खांद्यावर चार किलो संताप.
पाळण्यात झोपत नाही, कुशीत झोपत नाही,
खातियाचं गाणं संपतं, गळा बसतो, तरी नाही.
झोपते ती लिफ्टमध्ये.
पाचव्या मजल्याशी ती जुनी पेटी हिसका देते ना,
बरोबर तिथे हिची पापणी मिटते
आणि तळमजल्याला दार करकरलं की उघडते.
पुन्हा वीस तेत्री.
काल बारा खेपा झाल्या. दोन लारी चाळीस.
माझ्याच भट्टीचे दोन शोती आले असते तेवढ्यात,
गरम, टोकाशी खरपूस.

सकाळी दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली,
आत मुरंब्याची बरणी, गळ्यापर्यंत दहा-दहाची नाणी.
सातव्या मजल्यावरच्या झुझुनाबाई.
आजवर आमचं बोलणं म्हणजे कचऱ्यावरून भांडण.
बरणी परत करायला गेलो तर
दार बोटभर उघडून म्हणाल्या,
"माझा थोरला फक्त ट्रॉलीबसमध्ये झोपायचा,"
आणि दार लावून घेतलं.

मी तोनेवर काम करतो. पहाटे चारपासून
कमरेपर्यंत त्या मातीच्या विहिरीत वाकायचं,
तापलेल्या भिंतीवर कणकेची नाव थापायची,
आगीने ओळखायच्या आत वर यायचं.
एकोणीस वर्षं.
माझ्या हातांना चटका बसत नाही, हे मी
लग्नाच्या मेजवानीतही मिरवून सांगितलं होतं,
निखारा उचलून दाखवला होता सासऱ्यांना.

तिच्या पहिल्या अंघोळीला
मी टबात हात घातला, म्हणालो, कोमट आहे.
खातियाने नुसतं मनगट टेकवलं
आणि पोरीला माझ्याकडून ओढून घेतलं.
काही बोलली नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.
पाणी निवेपर्यंत मी टबाशी बसून राहिलो,
दोन्ही पंजे मांडीवर उलटे ठेवून,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यांसारखे.

आता कोपर बुडवतो.
रोज. बाही वर सारून, वाकडा होऊन,
बदक पाण्यात उतरतं तसा.
कोपराला अजून कुणी भट्टी दाखवलेली नाही,
त्याला चटकन कळतं.

आमच्या भाषेत बापाला 'मामा' म्हणतात.
बाळाचे ओठ मिटले, उघडले
की आपोआप जो आवाज निघतो, तोच.
'देदा' म्हणजे आई. तिच्यासाठी जीभ
दातांमागे नेऊन टेकवावी लागते, ते मागाहून जमतं.
नऊ महिने खातियाने काढले, टाके तिला पडले,
आणि सोपा शब्द मला.
कुणी वाटणी केली कोण जाणे.
इतर देशांत याच दोन अक्षरांना
बहुतेक ठिकाणी आयाच ओ देत असतील,
कुठे एखाद्या आईचा भाऊही.

परवा रात्री, बरणी तळाला गेलेली,
एलेने सात महिन्यांची, टक्क जागी.
मी नाणं फटीत सरकवलं, दिवा लुकलुकला,
आणि ती स्पष्ट म्हणाली, "मामा."
माझ्याकडे बघून नाही.
नाणी खाणाऱ्या त्या पत्र्याच्या डब्याकडे बघून,
अगदी लाडाने.

पाचव्या मजल्याचा हिसका आला.
मी तरी ओ दिली.