साडेआठ फूट

दुपारी दोन नंबरच्या कोर्टवर कुणी नसतं.
सभासद घरी जेवून आडवे, कॅन्टीनचा पुंडलिक बाकावर,
तोंडावर कालचा पेपर.
तेव्हा मी रेषा आखायची सुतळी काढली,
सर्व्हिस लाइनीवर खिळा ठोकला,
सुतळी नेटच्या पट्टीला घासत
थेट मागच्या रेषेपर्यंत नेली
आणि नारळ पाडायच्या बांबूला लावून ताठ वर ओढली.
टेप धरला.
साडेआठ फूट. वर एक बोट.

म्हणजे चेंडू सरळ, ओळंब्यात,
नेट न शिवता चौकोनात पाडायचा
तर निदान इतक्या वरून मारायला हवा.
मी रॅकेट धरून हात ताणला.
आठालासुद्धा दोन बोटं कमी.
चवड्यांवर गेलो. उडी मारली.
एकावन्नाव्या वर्षी मारू नये,
गुडघ्याने लगेच कळवलं.

तीस वर्षं मार्कर आहे मी, माटुंग्याच्या या जिमखान्यात.
पहाटे रोलर, मग लाल मातीवर पाणी, मग चुना,
मग छत्तीस इंची काठी नेटच्या मध्यावर उभी करून
हँडल फिरवायचं, पट्टी काठीला टेकेपर्यंत.
नेट सगळ्यांना सारखंच, असं मी पोरांना सांगत आलो.
मार्करांच्या स्पर्धेत एकदा सेमीफायनलला पोचलो होतो.
समोर पुण्याचा टिळेकर, सहा फूट दोन.
त्याच्या सर्व्हिशींचं मी काय केलं?
बघितल्या.
नंतर कामत वकील म्हणाले, मूर्ती लहान पण कीर्ती महान,
आणि पाठीवर थाप मारली.
ती डोक्यावर बसली.

आता शेषाद्रींचा ध्रुव येतो, सोळाव्या वर्षी सहा-चार,
बूट बाहेरून मागवावे लागतात.
त्याचा बाप विचारतो, "शिगवण, एवढी पुरेल ना?"
आणि माहीमच्या नाखवीण बाई विचारतात इरावतीबद्दल,
"वाढेल का हो? रोज बारला लटकवते."
दोघांनाही मी चहा घ्या म्हणतो.

सुतळी गुंडाळली नाही.
अंपायरची खुर्ची ओढत मागच्या रेषेवर आणली, वर चढलो.
आयुष्यभर तो चौकोन मी जाळीतून पाहिला,
बारीक चिरलेला, कोबीसारखा.
वरून पाहिला तर पट्टीच्या पलीकडे तो अख्खा होता,
झाकण काढलेल्या डब्यासारखा.
पहिलाच चेंडू कोपऱ्यात. चुना उडाला.
उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते तेव्हा कळलं,
शेळ्या खरंच हलतात.

सातव्या चेंडूला इरावती आली, तासभर आधी, शाळेच्या मोज्यांत.
"काका, पडाल."
मग काही न विचारता पलीकडे जाऊन वाकून उभी राहिली.
मारला. तिने तो जमिनीलगत परत पाठवला,
नेमका खुर्चीच्या पायाशी.
खुर्चीला वाकता येत नव्हतं. मला हसू आलं.
पुढचे चार मात्र तिला दिसलेच नाहीत.
हेही सांगायला हवं.

खाली उतरलो तेव्हा ती सुतळी बघत होती,
तिच्या डोक्यावरून गेलेली, बरीच वरून.
मी सांगितलं, खरं तेच. आकड्यासकट.
तिने बोटाने सुतळी छेडायला उडी मारली. पोचली नाही.
म्हणाली,
"हे सरळ मारायचा असला तर ना?"

"हो."

"मग सरळ कशाला मारायचा?"

आणि रॅकेट खालून वर, कानामागून, ढोल पुसावा तशी फिरवली.
चेंडू नेटवर चांगला हातभर उंच गेला,
मला वाटलं बाहेर,
तेवढ्यात मान मोडल्यासारखा खाली आला.
रेषेच्या आत होता की बाहेर
ते मातीवरच्या खुणेला वाकून बघत होतो आम्ही,
मी थोडा कमी वाकलो.
पुंडलिक उठला, म्हणाला, खुर्ची कुणी हलवली?