कारणाचा रकाना

रात्री सव्वाआठला, सिटी स्कॅनच्या मागल्या खोलीत
ट्रे बाहेर आला, डॉक्टरला जीभ दाखवावी तसा,
आणि त्यावर आणखी एक वाया गेलेली सीडी.
एक्क्याण्णव टक्क्यांवर बसली. कालची चौऱ्याण्णववर.
परवा तर नव्याण्णव.

सवयीने आधी यंत्राला शिव्या.
मग वेग उतरवायचा, बावन्नवरून सोळा, सोळावरून आठ.
अँटिव्हायरस बंद. केबल बदलून बघायची.
भिंगावर स्पिरिटचा बोळा,
तोच, जो सुईआधी दंडावर फिरवतात.

तरी एक्क्याण्णव.

कुणी म्हणतं लिहिणं, कुणी जाळणं,
आम्ही म्हणतो सीडी मारणं.
हॉस्पिटलात हा शब्द बाकापर्यंत जाऊ नये
म्हणून दार लोटून घेतो.

बाकावर वासंती मुणगेकर, वय एकोणसाठ, मिठबाव.
पोट. आठशे बारा चित्रं.
जावई घड्याळ बघतोय, परळ डेपोतून साडेनऊची गाडी.
"माजां कायतरी वायट इलां काय गो तेच्यात?"
"तुमचं नाही मावशी, सीडीचं वाईट आलंय."
ती हसली. पटलं नव्हतं.

लॅमिंग्टन रोडचे मुर्तझाभाई
एकदा काउंटरवर कोपर टेकून म्हणाले होते,
डब्यावर जाऊ नको बेटा, डब्यावर कोणीही काहीही छापतो.
उजेडात धर. आरपार ट्यूबलाइट दिसली तर ठेव परत.
मधल्या कड्याभोवती बारीक अक्षरं असतात, ती वाच.
तिथे तिचं माहेर असतं,
डब्यावर असतं ते सासर.
आणि शंभराची चळत एकदम उचलू नको,
आधी तीनच मारून बघ.

हे मी स्टोअरच्या राऊळांना सांगितलं.
ते म्हणाले, टेंडरमध्ये उजेडाचा कॉलम नाही.
चार रुपये ऐंशी पैसे, सर्वांत कमी दर.
शंभरातल्या सत्तावीस गेल्या.
रजिस्टरात रद्द, रद्द, रद्द,
कारणाच्या रकान्यात दोनदा 'दमट हवा' लिहिलं.
ऑडिटला चाललं.
मुंबईत हवेला कुणी मेमो काढत नाही.

लॉकरमध्ये माझ्या पाच होत्या, अठरा रुपयांवाल्या,
भाच्याच्या बारशाचं शूटिंग उतरवायला घेतलेल्या.
एक काढली. कडेने धरली.
वेग आठ. माउसला हात नाही.
सात मिनिटं खोलीत फक्त ती फिरण्याचा आवाज,
दळण संपत आल्यावर जातं हलकं होतं तसा.

झाली.
पण झाली म्हणून देत नाही मी.
पुरुषांच्या वॉर्डात एक जुना कॉम्प्युटर आहे,
खडूस, धडधाकट सीडीसुद्धा ओकून टाकतो.
त्याने वाचली तर देवगडातलं कुठलंही यंत्र वाचेल.
जिना चढून गेले. घातली.
त्याने जरा खाकरून घेतलं, मग एकेक चित्र उघडत गेलं.

पाचशे चव्वेचाळिसाव्यापाशी थांबले.
ते मी दुपारीच पाहिलं होतं, मशीनवर.
त्यावर बोलण्याचा हुद्दा माझा नाही.
ते जसंच्या तसं तिथे होतं, एक कणही न गळता,
आणि मला बरं वाटलं,
आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

नाव आतल्या पारदर्शक कड्यावर लिहिलं, मऊ मार्करने.
बॉलपेन वरून टोचतो, चित्रं खालची मरतात.

"किती द्यायचे?" जावयाने विचारलं.
काही नाही. गाडीत खिडकीकडे ठेवू नका, ऊन लागेल सकाळी.
वासंतीबाईंनी ती पिशवीतल्या दोन लुगड्यांच्या मधे सारली,
वरून हात फिरवला,
पापड मोडू नयेत म्हणून फिरवतात तसा.

मग रजिस्टर.
अठ्ठावीस. ठीक.
कंपनीच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
रेघ मारली.