अकरा पेरं

बामणोलीहून लाँच. पिशवीत गूळ,
दाण्याचं कूट, स्पिरिटच्या कुप्या.
बेट म्हणजे बुडालेल्या टेकडीचा माथा,
कारवी आणि दगड.

भिंगाखाली मोजते:
कमरेला गाठ एकच.
मिशीची पेरं... नऊ, दहा, अकरा.
बारा असती तर इथलीच म्हटलं असतं.
ही वेडी मुंगी, बाहेरची.

"आली कशी?" लाँचवाले गेनू संकपाळ.
"सरपणातून. लाँचमधून. तुमच्याही असेल."

ते हसले नाहीत.
वल्ह्यानं पाणी दाखवलं,
"खाली आमचं खळं. गाव दिलं ठाण्याकडं.
तिथं आम्ही अजून धरणवाले."

वहीत दोन रकाने: मूळची, आलेली.
गुळावर एकीनं दुसरीचा पाय धरलेला.

गेनूंनी एक बोटावर चढवून घेतली.
"चावत नाय ही," म्हणाले,
आणि बोट हुंगलं.