नोंदवही

कोळशेतच्या गेटवर मी बारा तास.
येणाऱ्याचं नाव, वेळ, कोणाकडे, सही.
भाऊंची पांढरी गाडी आली
तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, हिची नोंद नको.

आठवड्यात गच्चीवर सोलर चढलं,
आवारात नवे पेव्हर ब्लॉक.
याला विकास म्हणतात.

आमच्या चाळीत कुकर आले, पाच लिटरचे,
शिट्टी वेगळ्या पुडीत.
कारखानीस मॅडम लिफ्टची वाट बघत म्हणाल्या,
फार स्वस्तात विकले जाता हो तुम्ही लोक, जनार्दन.

खरंय.
रात्रपाळीत मी भागाकार करून पाहिला,
सोलर भागिले एकशे ऐंशी फ्लॅट.
भाव त्यांचाच चढा.

मतदान क्लब हाउसमध्ये होतं.
मागच्या लिफ्टने रोज अकराव्यावर भांडी घासायला जाणारी बायको
पुढच्या दारात उभी,
चपला कुठे काढू विचारत.
नको काढू, म्हटलं. आज नको.

शाई लावून ती निघाली तशीच कामाला,
मागच्या लिफ्टने.
कुणाला दिलंस, मी विचारलं नाही.

वहीत तिचं नाव लिहिलं, सात पन्नास.
मग ‘कोणाकडे’च्या रकान्यात
पेन टेकवून
बसून राहिलो.