अपघाताविना दिवस

रबाळ्याच्या गेटवरचा फळा रोज सकाळी मीच बदलतो.
अपघाताविना दिवस : चारशे बारा.
पत्र्याचे आकडे, खिळ्याला अडकवायचे.
टोल्युइनच्या पिंपावरची बारीक अक्षरं
मी कामगारांना मोठ्याने वाचून दाखवतो,
ते जांभया देतात. देऊ देत.

माझ्या आतड्याचा फळा वेगळा.
तिथला आकडा गेल्या दिवाळीपासून
सातच्या पुढे गेलेला नाही.
रक्त, कळ, धाव.
टँक फार्मपासून संडास एकशे चाळीस पावलं,
गोदामापासून नव्वद, घाईत सत्तर.

आधी गोळ्या झाल्या, मग स्टेरॉइड.
तोंड असं सुजलं की गावदेवीच्या जत्रेत
चुलता म्हणाला, "मस्त जाडा झायलास रं."
रात्री तीन वाजता मी भांड्यांचं कपाट लावत बसायचो
आणि शर्मिष्ठा दारात उभी राहून
काहीच बोलायची नाही.

आता वाशीच्या वालावलकर मॅडम म्हणतात, सलाईनमधून औषध,
दर आठ आठवड्यांनी, दोन तास.
"तुमची प्रतिकारशक्ती घरच्यांनाच चोर समजतेय.
तिचा आवाज जरा खाली आणू."

आवाज खाली आणणं मला ठाऊक आहे.
बॉयलर शेडचा गॅस डिटेक्टर रात्रपाळीत उगाच वाजायचा,
सुर्व्यांनी त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावली.
त्याच सकाळी मी त्यांना घरी पाठवलं.
हात जोडून म्हणाले, साहेब, खोटाच वाजत होता.

म्हणून मी मॅडमना ऑडिटला विचारतात तसं विचारलं.
काय होऊ शकतं? हजारात किती जणांना?
कळणार कसं? कळलं तर फोन कुणाला, रविवारी कुणाला?
त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहून दिलं.
काळजी करू नका, असं एकदाही म्हणाल्या नाहीत.
मग कागद उलटा करून म्हणाल्या,
आता न घेण्याचे धोकेही लिहू.
ती बाजूही भरली.

एक्स-रेत उजवीकडे वर तांदळाएवढा पांढरा ठिपका.
रक्ताच्या तपासणीनेही तेच सांगितलं.
घणसोलीच्या मिठागरावरून येणारे बाबा,
खाटेखाली राख घातलेली वाटी,
आम्हा पोरांना लांब बसवणारी आई.
किती लांब? एका खोलीत किती लांब बसणार?
बाबांचा खोकला माझ्या छातीत
चाळीस वर्षं पाय दुमडून निजलेला,
आणि त्याच्या उशाशी जागा बसलेला पहारेकरी
नेमका तोच, ज्याला आम्ही गप्प करायला निघालो होतो.

आधी त्या खोकल्याच्या गोळ्या, मॅडम म्हणाल्या.
महिनाभर. लिव्हरची तपासणी. कावीळ बीची तपासणी.
लसी आत्ताच, काही नंतर चालत नाहीत.
मग सलाईन. गोळ्या मात्र पुढेही चालू.

हे ऐकताना मला परमिटचं पुस्तक आठवलं,
गुलाबी कागद, तीन प्रती.
अलार्म बंद करावाच लागतो कधीकधी,
पण तेव्हा तिथे माणूस उभा करतात,
हातात नळी, डोळे उघडे,
आणि सगळ्या पाळ्यांना कळवतात.
सुर्व्यांनी कुणालाच कळवलं नव्हतं.
मीही त्यांना विचारलं नव्हतं
की किती रात्री वाजत होता, तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत.

शर्मिष्ठाने कॅलेंडरवर तापाचा रकाना आखलाय.
शंभरच्या वर गेला तर गाडीची किल्ली कुठे, ते मुलीलाही माहीत.

आज पहिली बाटली.
काचेपलीकडे सायन-पनवेल रस्ता, आवाज नाही.
थेंब पडतो, थांबतो, पडतो.
सुर्व्यांचा नंबर अजून फोनमध्ये आहे.
काढला, पाहिला, फोन पालथा ठेवला.

लीलाम्मा सिस्टर विचारते,
खाज? घसा आवळतोय? छातीत जड?
नाही म्हणालो.
बरं, म्हणाली,
पंधरा मिनिटांनी परत विचारते.